सतरा एके

आपल्याकडे ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला की चार वाक्यं बोलून झाल्यावर "बाकी काय?" असं विचारतात. ह्या प्रश्नाला उत्तर नसतं. "बाकी मजेत", "बाकी तुम्ही बोला" असं काहीतरी पुटपुटून दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं, एवढाच त्याचा उपयोग. नामपूर ते नाशिक आणि नांदगाव ते दिंडोरी एवढ्या टापूत ह्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारा एकच इसम होऊन गेला, आणि तो आमच्या शाळेत गणित शिकवायचा. खैरनार सर.

त्यांची माझी पहिली भेट स्टाफरूममधली. नव्वदीची सुरुवात होती, मी खेळाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. गणिताशी माझा संबंध 'एक-दोन, एक-दोन' एवढाच. तीनची गरज मला नोकरीत कधी पडली नाही. आवाज मात्र असा होता की मी पंचवटीच्या मैदानावर 'सावधान' म्हणालो की गंगेपलीकडे (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) अशोकस्तंभावरचे रिक्षावाले ब्रेक दाबायचे. त्या आवाजात मी कोपऱ्यात बसलेल्या ह्या उंच, वाळक्या गृहस्थांना हाक घातली, "काय सर, बाकी काय?"

त्यांच्या मांडीवर पाटी होती. लाकडी चौकटीची, पहिलीतल्या पोरांची असते तशी. तिच्यावर एक नजर टाकून ते म्हणाले, "बाकी एकोणीस हजार आठशे बारा."

मी छप्पर हलेल असा हसलो. बाकी कोणी हसलं नाही. इतिहासाच्या कुलकर्णी बाईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "गायकवाड, त्यांना तो प्रश्न विचारायचा नसतो." "का?" "ते खरं सांगतात." बस. पुढे त्या पेपर तपासायला निघून गेल्या.

एवढं मला आठ-दहा दिवसांत कळलं. सर एका संख्येला भाग देत होते. संख्या एकच. सतरा एक, एकापुढे एक लिहिलेले. तिला कोणत्या तरी संख्येनं भागायचं, बाकी उरली की पाटी पुसायची आणि पुढची संख्या घ्यायची. सकाळी दूध येण्याआधी एक भागाकार, मधल्या सुट्टीत एक, संध्याकाळी घरी एक. पाटी कापडी पिशवीत, ओलं फडकं साबणाच्या डबीत, दगडी पेन्सिल शर्टाच्या खिशात. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, वही का नाही करत?" तर म्हणाले, "कागदावर उरतं, गायकवाड. पाटीवर होतं आणि जातं."

शेवटचा भागाकार कोणत्या संख्येनं झाला, ते फक्त त्यांच्या डोक्यात. बाकी सगळ्या बाबतीत हा माणूस इतका विसराळू की एकदा स्वतःची सायकल शाळेत विसरून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी ती न्यायला रिक्षानं आला. पण त्या संख्येच्या बाबतीत नाही.

त्यांच्या उत्तरांची गावभर कीर्ती झाली ती बुधवारच्या बाजारात. गंगेवर बाजार भरतो तिथे मखमलाबादची एक माळीण भाजी घेऊन बसायची. सरांनी मेथी घेतली, वांगी घेतली. तिनं सवयीनं विचारलं, "बाकी काय देऊ, मास्तर?"

सर म्हणाले, "बाकी अठ्ठावीस हजार चारशे सहा."

"आत्ता गं बया!" ती किंचाळली. "येवढ्या जुड्या तर आख्ख्या मखमलाबादात नाय निघायच्या! कुणाचं लगीन हाय का काय?"

मी शेजारी उभा होतो. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्या गोष्टी मी पाहिलेल्या नाहीत त्या मी ह्याहून चांगल्या सांगतो. पुढच्या बुधवारी तीच बाई लांबून ओरडली, "मास्तर, आज किती राह्यली बाकी?" महिनाभरात रविवार कारंज्यावरचे आकडा लावणारे सरांच्या मागे फिरायला लागले. बाकीचा शेवटचा आकडा लावला की लागतो, अशी कोणीतरी आवई उठवली होती. (ती मी उठवली, असं म्हणणारे लोक अजून हयात आहेत.) सर सायकलवरून निघाले की मागे पाच-सहा टोळभैरव, "सर, बाकी? सर, बाकी?" आणि सर ब्रेक दाबून, पाय टेकवून, प्रत्येकाला बाकी सांगणार. खोटी एकदाही नाही. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचंच, आणि ते तपासून द्यायचं, हे त्यांनी इतकं अंगी बाणवलं होतं की बघणाऱ्याला भीती वाटावी.

मला ती भीती पहिल्यांदा वाटली तपासणीच्या दिवशी. साहेब आले होते. सरांकडे पाचवीचा वर्ग होता. साहेबांनी पोरांना पाढे म्हणायला लावले. पोरं खणखणीत. सोळा दाहे एकशे साठ झालं, आणि सगळा वर्ग एका दमात अठरा एके अठरावर गेला. जिन्याची एक पायरी काढून ठेवावी तसा.

"अरे, सतराचा?" साहेब म्हणाले.

एक धिटुकला उठून म्हणाला, "सतराचा आमच्यात नसतो, सर."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. "तो मी शिकवत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." शेरा पडला. सरांनी सही केली. सतराचा पाढा मात्र त्यांच्या वर्गात शिरला नाही. पोरं तो घरी आजोबांकडून शिकायची.

खरं काय ते मला कळलं दिंडोरीच्या एका लग्नात. आमच्या शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं, सगळा स्टाफ गेला होता. जेवणं झाली, मांडवात पानसुपारी चालली होती. सरांच्या शेजारी एक द्राक्षबागाईतदार येऊन बसला. फेटा एवढा मोठा की त्याच्या सावलीत अर्धी पंगत बसली असती. गप्पांच्या ओघात त्यानं विचारलं, "मग सर, आज काय केलं सकाळपासून?"

सर म्हणाले, "तीन स्थळं पाहिली. तिन्ही परत गेली."

भाजकांना ते 'स्थळं' म्हणत, हे आम्हाला ठाऊक होतं. बागाईतदाराला कुठून ठाऊक असणार? तो सरसावून बसला. "अहो, मग आमचा भाचा बघा की! बारा एकर बाग हाय, निर्व्यसनी हाय. मुलगी काय करते तुमची?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण माझ्या तोंडात जिलबी होती. विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यायचंच, ह्या सवयीनं ते म्हणाले, "चौथीत होती."

"आन् मंग?"

"मग काही नाही."

पलीकडे बायकांच्या बैठकीत सरांच्या मंडळी, मालतीवहिनी, कोणालातरी हळदकुंकू लावत होत्या. त्यांचं बोट तिथेच थांबलं. एवढ्या लांब, एवढ्या सनईच्या गोंगाटात त्यांना ते ऐकू कसं गेलं, देव जाणे.

परतीच्या जीपमध्ये सर पुढे बसले. मागे मी आणि वहिनी. वहिनी नामपूरच्याच, सरही तिकडचेच. शाळेत सर पुस्तकासारखं बोलत, पण घरात दोघांची अहिराणी चालायची. 'आहे'ला 'शे', 'बसा'ला 'बठा'. वहिनी माझ्याशी मात्र आमच्यासारखं बोलायच्या, जपून, पाहुण्यांच्या कपात चहा दिल्यासारखं.

"भाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल," त्या म्हणाल्या. "वेणू आमची. एकच होती. तुमच्या शाळेतच होती, खाली प्राथमिकला. रविवारी पाढे लिहायला बसली. सतरा एके सतरा, असं पुस्तकात. तिला वाटलं, सतरा एके म्हणजे सतरा एक लिहायचे. लिहिले ओळीनं. जीभ बाहेर काढून. मी हसले. ती चिडली. मग पाटी घेऊन ह्यांच्याकडे गेली. 'बाबा, ह्याला कोणाचा भाग जातो?' हे पेपर तपासत होते. वर बघितलं, बोटांवर काहीतरी केलं, आणि म्हणाले, 'कोणाचाच नाही जात.' ती खूश. 'कोणाचाच नाही? कधीच नाही?' 'कधीच नाही.' नाचत बाहेर गेली."

जीप ढकांबे ओलांडून नाशिककडे धावत होती. पुढे सरांचं डोकं काचेवर टेकलेलं. झोपले होते की नव्हते, कोणास ठाऊक.

"त्याच आठवड्यात ताप आला. गेली."

वहिनी पुढे म्हणाल्या, "हे तेव्हापासून भागताहेत. तपासलं नव्हतं ना. न तपासता पोरीला सांगितलं."

ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही तो मी, खिडकीबाहेरच्या द्राक्षबागा बघत बसलो.

"आणि भाऊ," वहिनींचा आवाज अगदी खाली आला, "ती येते. ह्यांना ऐकू येते. एक भागाकार झाला की विचारते, 'मग पुढचा?' ह्यांनी मला सांगितलंय. मी शेजारीच बसून तांदूळ निवडत असते, मला नाही ऐकू येत. मी आई आहे, मला यायला पाहिजे की नाही? पण तिनं मला काही विचारलंच नव्हतं. माझ्याकडे तिचा प्रश्न राहिलेला नाही."

त्यानंतर मी सरांच्या घरी पुष्कळदा जाऊन बसलो. मला जे दिसलं ते सांगतो. मी माणूस अतिशयोक्त बोलणारा आहे, माझ्या गोष्टीतला मासा दरवेळी वीतभर वाढतो. पण हा मासा होता तेवढाच ठेवतोय. सर भागाकार पुरा करायचे. बाकी लिहायचे. तिच्याखाली रेघ मारायचे. मग पेन्सिल उचलून, मान थोडी डावीकडे कलती करून थांबायचे. तिथे कोणी नसायचं. काही क्षण जायचे. मग ते किंचित हसून मान हलवायचे, फडकं ओलं करून पाटी पुसायचे आणि पुढची संख्या मांडायचे. त्या थांबण्यात घराला एक वेगळीच शांतता यायची. दारात कोणी चप्पल काढताना थांबलंय आणि आत यावं की नाही असा विचार करतंय, तसं वाटायचं. मी दोनदा वळून दाराकडे पाहिलं. दोन्ही वेळा वहिनीही तिकडेच पाहत होत्या.

एकदा धीर करून मी विचारलं, "सर, कोणतीही संख्या घेता, की काही हिशेब आहे?"

त्यांचा चेहरा उजळला. कोणी गणित विचारलं की तो माणूस दहा वर्षांनी लहान व्हायचा. "कोणतीही कशी चालेल? पत्रिका जुळायला लागते," ते म्हणाले. "सतरा ही मूळ संख्या. तिला स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कोणी भागत नाही. म्हणून ह्या सतरा एकांना भागणारी जी मूळ संख्या असेल, तिला चौतीसनं भागलं की बाकी एकच उरली पाहिजे. नाही उरली, तर ते स्थळ दारातसुद्धा घ्यायचं नाही. गंमत बघा, गायकवाड. पाढ्याच्या पहिल्या ओळीत पोरगी, दुसऱ्या ओळीत तिची पत्रिका." सतरा दुणे चौतीस हे शब्द मात्र त्यांनी उच्चारले नाहीत.

"पहिलं स्थळ कोणाचं आलं होतं?"

"एकशे तीन. बाकी सत्तावन्न. मग एकशे सदतीस." त्यांनी एक बोट वर केलं. "बाकी एक. फक्त एक. एवढ्यानं हुकलं. दोनशे एकोणचाळीसला बाकी किती उरली, सांगा? एकशे अकरा. तिचेच तीन एक, तिनं परत दिल्यासारखे."

वहिनी चहा ठेवून गेल्या. चहा गार झाला. चौतीसच्या पत्रिकेची स्थळं संपत नव्हती. लाखाच्या घरातली झाली, दहा लाखांची झाली, सर म्हातारे होत गेले आणि मुलगी, ती असती तर, लग्नाच्या वयाची झाली.

मग शाळेत कॉम्प्युटर आले. दोन. सिंहस्थाच्या थोडं आधीची गोष्ट. त्यांना एसी खोली मिळाली, आम्हाला पंखा दुरुस्त करून मिळत नव्हता. बरोबर एक पाटील मॅडम आल्या, नुकत्याच पास झालेल्या, तोंडावर हसू, हातात फ्लॉपी. मी त्यांना सरांची गोष्ट रंगवून सांगितली, वेणूचा भाग वगळून. त्या म्हणाल्या, "सर, ह्याला वर्षं कशाला लागतात? कॉलेज रोडला सायबर कॅफे आहे, पाच मिनिटांचं काम."

मला वाटलं, माणसाची सुटका होईल. धावत सरांकडे गेलो. "सर, पाच मिनिटांत लागतंय! मॅडम आज संध्याकाळी..."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या काटकुळ्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी कुस्ती शिकवायचो.

"नको."

"अहो सर, पण कळेल तरी..."

"कळेल ना! कळल्यावर काय?" त्यांचा आवाज फाटला. "भाग जात नसेल तर मी तिला खरं सांगितलं. जात असेल तर खोटं. मला दोन्ही कळायला हवं, गायकवाड, आणि दोन्ही नकोय. उत्तर मिळालं की ती कशाला विचारेल? पोरं प्रश्न सुटला की उठून खेळायला जातात. तुम्ही मैदानावर असता, तुम्हाला माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, राहू द्या. पण त्या तोवर जाऊन आल्या होत्या. "मला सांगू नका," मी म्हणालो. त्यांनी सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून सर कॉरिडॉरमधून आले की मॅडम दुसऱ्या बाजूच्या वर्गात शिरायच्या. त्यांचा चेहरा फळ्यासारखा होता, लांबून वाचता यायचा. मला कळलं की ती संख्या तुटते. कुठे, ते कळलं नाही.

ती तुटल्याचं कळलं एका पावसाळी गुरुवारी. मी सकाळी मैदानाची चुन्याची आखणी बघत होतो, पावसानं सगळी पुसली होती. सर चालत आले. सायकल नाही, पिशवी नाही. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "काय सर, बाकी काय?"

ते उभे राहिले. मग म्हणाले, "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"एवढी बाकी?"

"बाकी नाही. भाजक आहे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, रिकामे. "नि:शेष गेला. तीनदा करून पाहिलं. काही उरत नाही."

मी त्यांना धरून व्यासपीठाच्या पायरीवर बसवलं. पाऊस भुरभुरत होता.

"काल संध्याकाळी झालं," ते म्हणाले. "शून्य लिहिलं. खाली रेघ मारली. मान कलती केली. थांबलो. गायकवाड, काहीच आलं नाही. घरात घड्याळ आहे हे मला काल कळलं. मग मालती स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं पाटी बघितली नव्हती, माझं तोंड बघितलं. आणि तिनं विचारलं, 'मंग पुढला?' इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरीसारखा आवाज काढायला गेली, तो तिला जमेना."

"मग?"

"मी म्हटलं, पुढला नही. मालती खाली बसली आणि रडली. पोर गेली तेव्हा रडली नव्हती इतकी."

मला वाटलं, हा माणूस आता इथेच विरघळून चुन्याबरोबर वाहून जाणार. पण ते उठले. शर्ट नीट खोचला. "मी तिला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "ते दुरुस्त करायला हवं. ती ऐको न ऐको."

आणि ते हायस्कूलच्या जिन्याकडे न जाता खाली प्राथमिकच्या चौथीच्या वर्गाकडे वळले.

त्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडते. मी तिथे जाऊन उभा राहिलो. चौथीच्या बाई गोंधळून बाजूला झाल्या. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर सतरा एक लिहिले, सावकाश, सारख्या अंतरावर. भिंतीवर स्थानांचा तक्ता होता, एकं दहं शतं सहस्र असा चढत चढत परार्धापर्यंत गेलेला. सतरावा एक 'मध्य'च्या घरात बसला, परार्धाच्या एक घर अलीकडे.

"ह्या वर्गात एक मुलगी होती," सर म्हणाले. "तिनं मला विचारलं होतं, ह्याला कोणाचा भाग जातो. मी सांगितलं, कोणाचाच नाही. ते चुकलं होतं. भाग जातो." त्यांनी तो भाजक लिहिला, त्याच्यापुढे गुणिले करून पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न लिहिले. "असे दोनच तुकडे होतात. शिक्षकानं न तपासता सांगू नये. एवढंच सांगायला आलो होतो."

चौथीच्या पोरांना काय कळणार? पण मोठी संख्या दिसली की पोरं खूश होतात, डोंगर दिसल्यासारखी. मागच्या बाकावरून एक दोन वेण्यांची पोरगी उठली. "सर, अजून एक एक लिहिला तर?"

सरांनी तात्काळ सांगितलं, "अठरा एक. अंकांची बेरीज अठरा. नवानं जातो."

वर्गानं "ओऽऽ" केलं. पोरगी बसायला तयार नाही. "आणि अजून एक लिहिला तर?"

सरांनी तोंड उघडलं. खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. बोटं आपोआप हलायला लागली होती, दोन, तीन, पाच, सात. तेच जुनं उत्तर ओठांवर आलं होतं. मग त्यांनी मूठ मिटली. तक्त्याकडे पाहिलं. एकोणिसावा एक परार्धाच्याही पलीकडे जात होता, जिथे तक्त्यात घर नाही आणि घराला नाव नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "बघून सांगतो."

"कधी?"

"बघून," सर म्हणाले, आणि खडू तसाच हातात घेऊन बाहेर पडले. माझ्याजवळून गेले, पण मी त्यांना दिसलो नाही. गेटपाशी ते थांबले, मान डावीकडे कलती झाली, आणि हळूच म्हणाले, "हो, हो. सांगतो ना."

पुढे पाटील मॅडमनी मी न विचारताच सांगून टाकलं. एकोणीस एकांना जगात कोणाचाच भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. पाटीवर भागत बसलं तर शेवटचं स्थळ परत जाईपर्यंत माणसाला कितीतरी जन्म घ्यावे लागतील. मी तोंडाचा फाटका माणूस. गावभर काय काय पसरवलंय ते माझं मला माहीत. पण हे सरांपर्यंत पोचू दिलं नाही.

दोनेक वर्षांनी सर निवृत्त झाले आणि नामपूरला जायला निघाले. सामान आधीच टेम्पोतून गेलं होतं. मी जुन्या सीबीएस बसस्टँडवर पोचवायला गेलो, सटाण्याकडची गाडी होती, कांद्याच्या व्यापाऱ्यांनी आणि दूधवाल्यांच्या रिकाम्या किटल्यांनी भरलेली. तीन जणांच्या सीटवर वहिनी कडेला, सर मध्ये. खिडकीची जागा मोकळी. एक पागोटेवाला टोपलीसकट तिथे घुसायला बघत होता, सर उठून आडवे आले. "जागा आहे," ते म्हणाले.

कंडक्टर तिकडचाच पोरगेला माणूस होता. "कुठं?"

"नामपूर. दोन फुल, एक हाफ."

त्यानं पंच उगारला आणि थांबला. सीटखाली वाकून पाहिलं. "हाफ कुठे शे, बाबा?"

सरांनी खिडकीकडे बोट केलं. गाडीतले लोक वळून बघायला लागले. कोणीतरी हसलं. मी खाली फलाटावर, गज धरून उभा. काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी पुढे झुकल्या. सरांच्या मांडीवरून हात नेऊन त्यांनी त्या मोकळ्या जागेवरची काच ओढून लावली, लहान मुलाला वारा लागू नये म्हणून लावतात तशी. एक क्षणभर त्या तशाच वाकून राहिल्या, कान देऊन. मग सरळ बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

"फाड ना भाऊ," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "पोर बठेल शे ना ती."

त्यानं एकदा रिकाम्या सीटकडे पाहिलं, एकदा वहिनींच्या तोंडाकडे, आणि हाफ तिकीट फाडलं.